आंबट मातीचं फळ

माणसाने लागवडीखाली आणलेल्या फळांमध्ये ब्लूबेरी अगदी अलीकडची. द्राक्षं, अंजीर, डाळिंब, आंबा यांच्याशी आपला हजारो वर्षांचा सहवास आहे. आज दुकानात मिळते त्या उंच झुडुपाच्या ब्लूबेरीचं लागवडीतून आलेलं पहिलं पीक बाजारात गेलं ते १९१६ साली, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात. हे झुडूप दुर्मिळ होतं असंही नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात ते दलदलीच्या कडेने आणि विरळ रानात भरपूर उगवतं. तिथले मूळ रहिवासी त्याची फळं खात, उन्हात वाळवून हिवाळ्यासाठी ठेवत. १६१५ साली फ्रेंच प्रवासी सॅम्युएल द शाँप्लेन याने ह्यूरॉन लोकांना असं करताना पाहिलं होतं. पुढे युरोपातून शेतकरी आले. गहू, सफरचंद, पेअर त्यांनी नव्या भूमीत रुजवले. ब्लूबेरीच्या टोपल्या मात्र ते तीनशे वर्षं रानातूनच आणत राहिले. कुणी झुडूप उपटून घराजवळ लावलंच तर ते खुरटायचं आणि मरायचं.

पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेल्या माणसांना हे का जमू नये? कारण त्यांनी त्या झुडपाला आपली सगळ्यात चांगली माती दिली. चुना घालून गोड केलेली, शेणखताने काळीभोर झालेली, गव्हाला आणि कोबीला मानवणारी माती. ब्लूबेरीला ती विषासारखी होती.

परसबागेविषयी आपण ज्या समजुती धरून चालतो त्यांतली एक मोठी समजूत या छोट्या फळाने खोटी ठरवली आहे, असं माझं ठाम मत आहे. जमीन सरसकट चांगली किंवा सरसकट वाईट असते, आणि वाईट जमिनीला भरपूर खत-पाणी दिलं की ती सुधारते, ही ती समजूत. ब्लूबेरी लावणाऱ्याला पहिल्याच हंगामात हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. जो मांडत नाही त्याचं झाड जातं.

हे कोडं सोडवणारा माणूस शेतकरी नव्हता. फ्रेडरिक कोव्हिल अमेरिकेच्या कृषी खात्यात वनस्पतिशास्त्रज्ञ होता. न्यू हॅम्पशरमधल्या ग्रीनफिल्ड गावी तो उन्हाळ्यात राहायला जाई आणि तिथल्या कुरणांत ब्लूबेरी मुबलक असे. १९०६ पासून त्याने रोपं कुंड्यांत वाढवून पाहायला सुरुवात केली. एका कुंडीत बागेतली कसदार माती, दुसरीत खताचं प्रमाण जास्त, तिसरीत चुना, आणखी एकीत दलदलीतलं कुजकं पीट आणि वाळू. १९१० साली त्याचे निष्कर्ष सरकारी पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले. ब्लूबेरी कसदार बागमातीत नीट वाढत नाही, भरपूर खत घातलेल्या मातीत वाढत नाही, चुन्याने गोड केलेल्या मातीत वाढत नाही; तिला आंबट माती लागते, असं त्यात स्पष्ट सांगितलं होतं. आज यात काही नवल वाटत नाही. पण त्या काळी आंबट जमीन म्हणजे आजारी जमीन आणि तिचं औषध चुना, हा शेतीचा पहिला धडा होता.

मातीचा आंबटपणा मोजण्याचं माप म्हणजे सामू. ७ हा उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर विम्लधर्मी. आपली बहुतेक पिकं ६ ते ७.५ च्या दरम्यान सुखी असतात. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ हवा, त्यातही ५ च्या आत असेल तर उत्तम. सामूचं हे माप प्रत्येक अंकागणिक दहापटीने बदलतं. ६.५ सामूच्या मातीपेक्षा ४.५ सामूची माती शंभर पट आम्ल असते. हा फरक किरकोळ समजून चालत नाही.

या हट्टामागची कारणं मुळांत सापडतात. बहुतेक झाडांच्या मुळांना बारीक केशमुळं असतात. पाणी आणि अन्न शोषण्याचं मोठं काम ती करतात. ब्लूबेरीला केशमुळं नाहीतच. तिची मुळं दोऱ्यासारखी बारीक, उथळ, बहुतेक वरच्या फूटभर मातीत पसरलेली असतात. ती एका जातीच्या बुरशीशी सोबत करून जगतात आणि ही बुरशी कुजक्या, आंबट मातीत अडकून पडलेलं अन्न झाडाला मिळवून देते. नत्राचंही तसंच. बहुतेक पिकं नायट्रेटच्या रूपातला नत्र आवडीने घेतात. ब्लूबेरी अमोनियमच्या रूपातला घेते, कारण आंबट मातीत नत्र मुख्यतः त्याच रूपात असतो आणि हे झाड त्याच परिस्थितीत घडलं आहे. सामू चढला की मातीतलं लोह तिच्या हाती लागत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह भरपूर असतं आणि झाड त्याच्या टंचाईने मरतं. मग माळी पिवळी पानं पाहून आणखी खत घालतो. ब्लूबेरीला क्षार सोसत नाहीत, त्यामुळे त्या खताने मुळं भाजतात आणि शेवट लवकर येतो.

न्यू जर्सीच्या दक्षिण भागात अशाच आंबट मातीचा, अकरा लाख एकरांचा एक पाइनचा प्रदेश आहे. पाइन बॅरन्स म्हणतात त्याला. वाळू, पाइनची झाडं, चहाच्या रंगाचं आंबट पाणी. वसाहतवाल्यांचा गहू तिथे उगवला नाही, म्हणून ती जमीन नापीक ठरली आणि नावातच तसा शिक्का बसला. या जमिनीत काय उगवतं, हे गव्हाच्या शेतकऱ्याने विचारलंच नाही. तिथे क्रॅनबेरी होती, ब्लूबेरी होती. व्हाइट्सबॉग या ठिकाणी जोसेफ व्हाइट यांचे क्रॅनबेरीचे मळे होते. त्यांची मुलगी एलिझाबेथ व्हाइट हिच्या वाचनात कोव्हिलची पुस्तिका आली. तिने त्याला पत्र लिहिलं : जमीन आमची, खर्च आमचा, प्रयोग इथे करा.

तिने नंतर जे केलं ते मला कोव्हिलच्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं. संकरासाठी उत्तम झुडुपं हवी होती. ती कुठे आहेत हे कुठल्याही शास्त्रज्ञाला ठाऊक नव्हतं, वर्षानुवर्षं रानात फळं वेचणाऱ्या माणसांना ठाऊक होतं. एलिझाबेथने त्यांच्या हाती एक मापपट्टी दिली. तिला एक इंचाच्या पाच-अष्टमांश व्यासाचं छिद्र होतं. ज्या झुडुपाचं सर्वात मोठं फळ त्या छिद्रातून पडणार नाही ते झुडूप दाखवायचं. त्याचे पैसे मिळतील, शोधण्यात गेलेल्या वेळाचेही मिळतील, आणि झुडुपाला शोधणाऱ्याचं नाव मिळेल. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेल्या झुडुपापासून 'रुबेल' ही जात आली. ती आजही लावली जाते. त्या सुरुवातीच्या रानटी झुडुपांचं रक्त आजच्या कितीतरी जातींत आहे.

हे घडत होतं त्याच काळात या पाइनच्या रानात राहणाऱ्या लोकांची मोठी बदनामी चालू होती. त्यांना 'पायनी' म्हणत. १९१३ साली एलिझाबेथ काइट हिने त्यांच्यावर एक अहवाल लिहिला. त्यातून हे लोक वंशानेच मतिमंद, व्यसनी आणि निरुपयोगी असल्याचं चित्र उभं राहिलं. सुप्रजननाच्या नावाखाली माणसांची प्रतवारी करण्याचे ते दिवस होते. जमीन नापीक, माणसंही नापीक. एलिझाबेथ व्हाइट या लोकांच्या बाजूने उघडपणे बोलली. तिला देवत्व देण्याचं कारण नाही. १९१० साली लुइस हाइन या छायाचित्रकाराने व्हाइट्सबॉगच्या क्रॅनबेरी मळ्यांवर काम करणाऱ्या लहान मुलांची छायाचित्रं काढली होती, आणि त्यातून झालेली बालमजुरीवरची टीका तिला मान्य नव्हती. पण फळाच्या बाबतीत ती एका गोष्टीवर ठाम राहिली. जी माणसं अडाणी समजली जात होती, त्यांच्याकडे कोणाहीजवळ नसलेलं ज्ञान आहे हे तिने मानलं, त्याचे पैसे मोजले आणि त्याला नाव दिलं. गव्हाच्या मापाने जमीन मोजणारे आणि शहराच्या मापाने माणसं मोजणारे एकच चूक करत होते. आज ती नापीक जमीन राष्ट्रीय राखीव प्रदेश म्हणून जपली जाते आणि तिच्या कडेला वसलेलं हॅमंटन गाव स्वतःला जगाची ब्लूबेरी राजधानी म्हणवतं.

आता आपल्या परसाकडे वळू. न्यू जर्सीत मराठी माणसांची वस्ती मोठी आहे. मे महिना आला की एडिसन गावाच्या आसपासच्या घरांमागे वाफे तयार होतात. टोमॅटो, मिरच्या, मेथी, दुधी, अळू. उन्हाळ्यात भारतातून आलेले आईबाबा बागेचा ताबा घेतात. राख टाकतात, अंड्यांची टरफलं चुरून घालतात, चहाचा चोथा, शेणखताच्या पिशव्या. मिरचीला, मेथीला यातलं बरंच मानवतं. त्याच वाफ्याच्या टोकाला, दुकानात सुंदर दिसलं म्हणून आणलेलं ब्लूबेरीचं रोप असतं, आणि त्यालाही हेच सगळं मिळतं. राख विम्लधर्मी असते. अंड्याचं टरफल म्हणजे जवळजवळ शुद्ध चुनखडी. शेणखताचा सामू बहुधा ७ च्या वर आणि त्यात क्षारही असतात. घराच्या पायालगत लावलं असेल तर काँक्रीटमधून पाझरणारा चुना आणखी भर घालतो. ज्याच्यावर सगळ्यात जास्त माया केली तेच झाड दुसऱ्या वर्षी पिवळं पडतं आणि 'ब्लूबेरी आपल्याला लाभत नाही' असा निकाल लागतो.

वास्तविक न्यू जर्सीच्या परसात लावायला ब्लूबेरीइतकं योग्य फळझाड दुसरं शोधून सापडणार नाही. इथली थंडी तिला हवी आहे, इथले भुंगे तिला ओळखतात. घंटेसारखी तिची फुलं लटकती असतात आणि परागकण आतून झटकून काढावे लागतात. भुंगा फुलाला लोंबकळून अंग थरथरवतो तेव्हा ते झडतात. झुडूप पाच-सहा फुटांत मावतं. हिवाळ्याआधी पानं लालभडक होतात. नीट जोपासलेलं झुडूप तीस-चाळीस वर्षं फळ देतं. अडचण फक्त मातीची आहे, कारण एडिसनकडची लालसर चिकण माती दक्षिणेकडच्या पाइनच्या वाळूसारखी नाही.

ती अडचण सुटते, पण घाईने नाही. आधी मातीची चाचणी. रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा ती अल्प शुल्कात करून देते. सामू ६ च्या आसपास असेल तर गंधकाची भुकटी मातीत मिसळायची. गंधक स्वतः आम्ल नसतो. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, आणि त्यांना ऊब, ओल आणि महिने लागतात. म्हणून गंधक आदल्या वर्षी घालायचा, रोप पुढच्या वसंतात आणायचं. चिकण मातीला वाळूच्या मातीपेक्षा तिप्पट किंवा त्याहूनही जास्त गंधक लागतो, त्यामुळे शेजाऱ्याने किती घातला हे विचारून उपयोग नाही. झटपट परिणामासाठी अ‍ॅल्युमिनियम सल्फेट विकलं जातं. ते गंधकापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात लागतं आणि त्यातलं अ‍ॅल्युमिनियम साचून मुळांना अपाय करतं. ते घेऊ नये. कॉफीचा चोथा घातला की माती आंबट होते हा समज फार पसरला आहे. वापरलेल्या चोथ्याचा सामू बहुधा ६.५ च्या आसपास असतो, त्याच्या भरवशावर माती आंबट होत नाही. पाइनच्या सुया आच्छादनाला उत्तम, पण तेवढ्याने सामू उतरत नाही.

चिकण मातीत खड्डा खणून त्यात रोप लावलं तर पावसात त्याचं डबकं होतं. उंच वाफा करावा, त्यात पाइनच्या सालीचा भुसा भरपूर मिसळावा, वरून चार बोटं जाड आच्छादन द्यावं आणि ते दरवर्षी वाढवत राहावं. मुळं उथळ असल्याने बुडाशी खुरपं चालवू नये. खत द्यायचं तर थोडं अमोनियम सल्फेट, तेही पहिल्या वर्षी जपून. पहिली दोन वर्षं फुलं खुडून टाकावीत. हे जिवावर येतं खरं, पण ती खुडली तरच मुळं आणि फांद्या सशक्त होतात. दोन वेगवेगळ्या जाती जवळ लावल्या की फळ मोठं धरतं. लवकर येणारी 'ड्यूक', मधली 'ब्लूक्रॉप' आणि उशिराची 'एलियट' अशा तीन लावल्या तर जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत फळ खाता येतं. पक्ष्यांसाठी जाळी लागते. ती सांगाड्यावर ताणून बसवावी. झुडुपावर नुसती टाकली की पक्षी आणि साप तिच्यात अडकून मरतात.

पीटविषयी थोडं बोललं पाहिजे. कोव्हिलपासून सगळ्यांनी ब्लूबेरीला पीट सांगितलं आणि ते तिला मानवतंही. पण पीट म्हणजे हजारो वर्षं साचलेली दलदलीतली शेवाळं. ती उपसली की त्यांत साठलेला कार्बन हवेत जातो, आणि ती दलदल पुन्हा घडायला आपल्या कित्येक पिढ्या जातील. घरच्या दोन झुडुपांसाठी ती खणू नये असं माझं मत आहे. पाइनची साल लाकूड-उद्योगातून निघते, थोडा जास्त वेळ घेते, पण काम करते.

इथे महाराष्ट्रातला वाचक विचारेल, आम्ही काय करायचं? पुण्या-नाशिकच्या रोपवाटिकांत आणि ऑनलाइन बाजारात आता ब्लूबेरीची रोपं मिळतात. पेरूसारख्या देशाने किनाऱ्यावरच्या वाळवंटात ब्लूबेरी पिकवून जगातला सर्वात मोठा निर्यातदार होऊन दाखवलं. मग आपण का नाही?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर भावनेने देऊ नये. थंडीची अडचण बऱ्याच अंशी सुटली आहे. कोव्हिलनेच १९२० साली दाखवून दिलं होतं की ऊबदार काचघरात हिवाळा काढलेली रोपं वसंतात नीट फुटत नाहीत, त्यांना थंडीचा काळ मिळावाच लागतो. उत्तरेकडच्या जातींना असे आठशे ते हजार तास लागतात. पण पुढे फ्लोरिडातल्या एका रानटी जातीशी संकर करून थोड्या थंडीत, काही तर जवळजवळ थंडीवाचून फळणाऱ्या दक्षिणी जाती तयार झाल्या. पेरूची भरभराट 'बिलॉक्सी'सारख्या त्या जातींवरच उभी राहिली. महाराष्ट्रातही काही ठिकाणी कुंड्यांत, कोकोपीटवर, आम्ल मिसळलेल्या ठिबकच्या पाण्यावर त्यांची व्यावसायिक लागवड होते आहे. लागवड होते, पण ती जमिनीत होत नाही, आणि घरच्या माळ्याने पाहायची गोष्ट हीच आहे.

दख्खनच्या काळ्या मातीचा सामू सहसा ७.५ ते ८.५ असतो आणि तिच्यात चुनखडी असते. साधा हिशेब करून पाहू. दहा चौरस मीटरचा वाफा फूटभर खोल धरला तर त्यात सुमारे चार टन माती येते. तिच्यात पाच टक्के चुनखडी असेल तर ती झाली दोनशे किलो. एवढी चुनखडी संपवायला साठ किलोहून जास्त गंधक लागेल आणि तोवर सामू जागचा हलणार नाही. मग बोअरचं पाणी दिलं की त्यातून पुन्हा विम्लता येणार. ही लढाई दरवर्षी नव्याने लढावी लागते आणि ती मातीच जिंकते. जिंकावीच तिने. त्याच मातीने ज्वारी, कापूस, तूर, संत्री दिली आहेत. ती मोडून आंबट करायची, म्हणजे गव्हाच्या शेतकऱ्याने पाइनच्या रानाला जो न्याय लावला तोच उलट बाजूने आपल्या जमिनीला लावायचा.

हा काही देशी-परदेशीचा वाद नाही. परदेशी वनस्पती नकोच म्हटलं तर आपल्या ताटातून मिरची जाईल, बटाटा जाईल, टोमॅटो जाईल. काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला. गोव्याच्या आणि कोकणच्या जांभ्या दगडावर, उतारांवर, ज्या जमिनीत दुसरं फारसं काही होत नव्हतं तिथे तो असा रुजला की आज काजूवाचून त्या मुलखाची कल्पना करवत नाही. त्याच्यासाठी कुणी माती बदलली नाही. झाडाने कुठून यावं याला बंधन नसावं, पण त्याने मातीशी जुळवून घ्यावं, किंवा आपण निदान ते जुळतं का एवढं पाहावं.

म्हणून माझं मत असं. दख्खनच्या जमिनीत ब्लूबेरी लावू नये. गच्चीत हौस म्हणून मोठ्या कुंडीत दक्षिणी जातीचं एखादं झुडूप लावायला हरकत नाही. त्यासाठी धुऊन क्षार काढलेलं कोकोपीट, पाइनची किंवा तत्सम साल, साठवलेलं पावसाचं पाणी आणि एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली लागेल, आणि पावसाळ्यात मुळं कुजू नयेत म्हणून कुंडीचा निचरा चोख असावा लागेल. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या जांभ्या मातीचा सामू मुळातच ७ च्या खाली असल्याने तिथे काम थोडं सोपं होतं, पण तिथला पाऊस उथळ मुळांची परीक्षा पाहतो. एवढं करून मूठभर फळं मिळतील. त्यांची किंमत पैशात काढू नये, नाहीतर लावूच नये.

पैशाचा विषय निघाला की आरोग्याचा निघतोच, कारण भारतातले बहुतेक लोक ब्लूबेरीकडे फळ म्हणून पाहत नाहीत, औषध म्हणून पाहतात. डबीभर फळांना शेकडो रुपये मोजायचे, कारण ते सुपरफूड आहे. या शब्दामागे विज्ञान कमी, विक्री जास्त. ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद परीक्षानळीत मोजून अन्नपदार्थांची क्रमवारी लावणारी एक यादी अमेरिकी कृषी खात्यानेच प्रसिद्ध केली होती. २०१२ साली त्यांनी ती मागे घेतली, कारण परीक्षानळीतल्या आकड्यांवरून माणसाच्या शरीरात काय होतं ते कळत नाही आणि कंपन्या जाहिरातीत त्या आकड्यांचा गैरवापर करत होत्या. ब्लूबेरी चांगलं फळ आहे, रोज खावं असं आहे. पण १०० ग्रॅम ब्लूबेरीत 'क' जीवनसत्त्व सुमारे १० मिलिग्रॅम असतं आणि आपल्या पेरूत त्याच्या वीसपट. मुलाच्या तब्येतीसाठी पोटाला चिमटा घेऊन परदेशी डबी आणणाऱ्या आईला हे कुणीतरी सांगायला हवं. पेरू, आवळा, जांभूळ, करवंद यांनी तिच्या मुलाचं काही उणं पडणार नाही.

ज्याच्या परसात ब्लूबेरी पिकते त्याने मात्र चवीसाठी ती लावावी, आणि चवीचं सगळं गणित तोडण्याच्या वेळेवर आहे. फळ निळं झालं म्हणजे पिकलं असं नसतं. पूर्ण निळं झाल्यावर आणखी चार-पाच दिवस ते झाडावर राहिलं तर साखर भरते. देठाजवळ लालसर कडा असेल तर थांबावं. बोटाने हलकेच ढकललं आणि फळ आपणहून तळहातावर आलं तर ते तयार. तोडल्यानंतर ब्लूबेरी गोड होत नाही. म्हणूनच प्रवासासाठी लवकर तोडलेल्या फळाला घरच्या फळाची चव येत नाही. वर जी पांढरट पूड दिसते ते फळाचं स्वतःचं मेण आहे, ते पुसू नये. साठवायची तर न धुता, कोरडी, ताटात पसरून गोठवावी आणि मग डब्यात भरावी. हिवाळाभर सुटी राहते.

स्वयंपाकघरातही या फळाचा आंबट मातीशी असलेला संबंध सुटत नाही. त्याच्या सालीतला रंग आम्लात लाल-जांभळा होतो आणि सोड्याच्या संगतीत निळा-हिरवा. केकमध्ये खाण्याचा सोडा जास्त पडला की ब्लूबेरीभोवती हिरवट वलय येतं ते त्यामुळे. मुरांब्याच्या पाकात लिंबाचा रस पिळला तर तोच रंग कोकमाच्या सरबतासारखा उजळतो, शिवाय मुरांबा आळायलाही त्या आंबटाची मदत होते. आमच्याकडे गूळ, जिरं, लाल तिखट आणि आल्याबरोबर शिजवलेली चटणी थालीपीठाशी खातात, आणि चक्क्यात साखर कमी करून वर अख्खी फळं घातलेलं श्रीखंड जुलैच्या उकाड्यात मुलं मागून घेतात. फार गोड पदार्थात मात्र तिचा स्वतःचा स्वाद दबतो. ताज्या फळाला काही न करणं हेच बरं.

रोप विकत घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला एक विनंती. या हंगामात रोप घेऊ नका. आधी वाफ्यातल्या चार-पाच ठिकाणांहून वीतभर खोलीची माती काढा, एकत्र करा, सावलीत सुकवा आणि तपासायला द्या. न्यू जर्सीत असाल तर रटगर्सच्या प्रयोगशाळेत, महाराष्ट्रात असाल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात. सामूबरोबर मुक्त चुनखडीचाही आकडा मागा आणि जमलं तर पाणीही तपासून घ्या. सामू ६ च्या आसपास आणि चुनखडी नाही असं आलं तर गंधक घालून वर्षभर थांबा. चुनखडी निघाली तर ब्लूबेरी सोडा, आणि त्या मातीत काय चांगलं येतं ते तुमच्या भागात तीस-चाळीस वर्षं बाग करणाऱ्या माणसाला विचारा. त्याने सांगितलेलं झाड लावा.